असू दे, लागेल

माझी बॅग नेहमी मागच्या सीटवर.
डिकीत जागा नसते.
डिकीत अमिल्कारचा संसार:
फॅन बेल्ट दोन, एक नवा, एक "अजून चालेल" असा,
जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला पाण्याचा पंप,
बिस्किटांच्या डब्यात प्लग, कंडेन्सर, रोटर,
तेलकट कागदात एक गॅस्केट,
ज्या इंजिनाचं ते, ते इंजिन कधीच विकलं.
तार. आणखी तार.
अकरा नंबरचे पाने तीन,
कारण हरवतो तो अकराचाच.

मी म्हणायचे, आपण गाडी नेतोय
की गाडीचं दुकान?
असू दे, तो म्हणायचा, लागेल.

त्याच्या लेखी प्रत्येक वस्तूला एक गाव आहे.
रेडिएटरचा पाइप म्हणजे तेका:
वाफेत उभे आम्ही दोघं, आणि धाकटी पोटात.
हेडलाइटचा बल्ब म्हणजे गोबेर्नादोर कोस्ता,
चंद्राच्या भरवशावर चाळीस किलोमीटर.
जे एकदा दगा देतं
ते पुढच्या खेपेला डिकीत असतंच,
म्हणूनच पुढच्या खेपेला
दुसरंच काहीतरी दगा देतं.
एकोणतीस वर्षं डिकी जड होत गेली.
मागच्या स्प्रिंगा बसल्या.
त्याने जास्तीच्या स्प्रिंगाही घेऊन ठेवल्या.

यंदा मार्चमध्ये पेजो मी चालवत होते.
त्याला आता रस्ता दिसतो, रस्त्यावरचं गुआनाको दिसत नाही.
मोतीबिंदू. त्रेलेऊचे डॉक्टर,
मंगळवार, साडेनऊ. कार्ड माझ्या पर्समध्ये.
लोस अल्तारेसच्या अलीकडे, लाल कड्यांखाली,
इंजिन खोकलं,
थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि गप्प.
वारा तेवढा चालू राहिला.

तो उतरला, जवळजवळ आनंदात.
ज्याची तयारी आयुष्यभर केली
ते शेवटी दारात आलं की माणूस असा दिसतो.
डिकीची किल्ली घातली. फिरवली.
अर्धी हातात, अर्धी कुलपात.

मी हसले नाही. हे मुद्दाम सांगते.

एक मेंढ्यांचा ट्रक गेला, थांबला नाही.
मग बराच वेळ नुसतं खुरटं गवत
एकाच दिशेला वाकलेलं.
मग तो म्हणाला,
तुझ्या पर्समध्ये काय काय असतं?
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.
रुमाल, कंगवा, पेपरमिंट,
नखं घासायची कानस.
"कानस," तो म्हणाला,
देवळात बोलावं तसं हळू.

डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा त्याने बोटांनी उघडल्या,
अंधारात शर्टाची बटणं काढतो तशा.
पॉइंट मात्र दिसेनात.
काळं आहे? आहे. खड्डा?
खसखशीएवढा.
घास. हळू. नखच समज.
मी घासलं. कानशीचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं.
आणि फट केवढी?
मापाची पट्टी डिकीत आहे, तो म्हणाला,
आणि आम्ही दोघंही डिकीकडे बघत राहिलो.

मग डॉक्टरांचं कार्ड.
सरकलं पाहिजे, पण किंचित धरलंही पाहिजे.
ते त्याने स्वतः ओढून पाहिलं,
मान तिरकी, कान जवळ,
जणू कार्डच सांगणार होतं.
बस.

दुसऱ्या खेपेला चालू झाली.
त्याने कार्ड परत दिलं,
मंगळवारवर तेलाचं बोट.
साडेनऊ वाचता येत होते.

पुढे दोनशे किलोमीटर तो बोलला नाही.
डोलावॉनचे पॉपलर दिसू लागले, मला दिसू लागले,
तेव्हा म्हणाला, अशी आणखी एक घे.
डिकीत ठेवू.
असू दे, मी म्हटलं, पर्समध्येच असू दे.

मागे, कुलपाआड,
अकराचे तीन पाने
प्रत्येक वळणाला एकमेकांवर वाजत होते.